मिशिगनचा १३-१० विजय: आनंद मानावा, पण किती?

हुरॉनकाठ (२ डिसेंबर २०२४)

परवाच्या शनिवारी, ३० नोव्हेंबरला, कोलंबसच्या ओहायो स्टेडियममध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संघाने ओहायो स्टेट विद्यापीठाला १३-१० असे हरवले, हे येथील अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्यांना एव्हाना ठाऊक असेलच. मी गेली सोळा वर्षे अ‍ॅन आर्बरच्या परिसरात, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावाजवळ, राहतो आणि शनिवार दुपारचे सामने शक्यतो चुकवत नाही. सामना संपला तेव्हा आमच्या घरात जो आरडाओरडा झाला, त्यात माझाही वाटा मोठा होता. मात्र रविवारी सकाळी चहा घेताना आकडे पाहायला बसलो आणि मनात एक प्रश्न उभा राहिला.

आपला संघ या सामन्याला आला तो सहा विजय आणि पाच पराभव घेऊन. समोर देशात दुसऱ्या क्रमांकाचा संघ होता आणि सट्टेबाजांच्या हिशेबात आपण सुमारे २० गुणांनी हरणार होतो. आपला क्वार्टरबॅक (पास टाकणारा खेळाडू) डेव्हिस वॉरन याने १६ पैकी ९ पास पूर्ण केले, त्यांतून एकूण ६२ यार्ड मिळाले आणि दोन चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले. आपला एकमेव टचडाउनही (चेंडू गोलरेषेपलीकडे नेणे) आक्रमणाने उभा केलेला नव्हता. आपल्या बचावातल्या आमिर हॉलने त्यांचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड याचा पास हिसकावून चेंडू गोलरेषेपासून दोन यार्डांवर आणून ठेवला आणि मग केलेल मलिंग्जने तो आत नेला. उरलेले सहा गुण डॉमिनिक झ्वाडाच्या दोन किकचे, प्रत्येकी तीन. दुसऱ्या बाजूला ओहायो स्टेटच्या जेडन फील्डिंगने ३४ आणि ३८ यार्डांच्या दोन सोप्या किक चुकवल्या. त्यांपैकी एक जरी आत गेली असती, तरी शेवटची पाच मिनिटे वेगळ्याच तणावात गेली असती.

माझा मुलगा विद्यापीठात शिकतो आणि त्याच्या मते गेल्या चार वर्षांतला हा सर्वांत गोड विजय आहे. मला तो गोड वाटतोच, पण हा संघ त्या दिवशी खरोखर चांगला खेळला की समोरच्यांनी हातचा सामना घालवला, हे मला ठरवता येत नाही. प्रश्न निव्वळ तात्त्विकही नाही. हा विजय खरा मानला, तर प्रशिक्षक शरोन मूर यांच्या पहिल्या हंगामाकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. योगायोग मानला, तर सप्टेंबरपासून जे दुखणे दिसत होते ते तसेच आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

तिसरा_डाउन (२ डिसेंबर २०२४)

आपण आकडे अचूक दिले आहेत, पण त्यांतला सर्वांत बोलका आकडा सोडून दिला आहे. ओहायो स्टेटने २६ वेळा चेंडू घेऊन धावण्याचा प्रयत्न केला आणि त्यातून त्यांना ७७ यार्ड मिळाले, म्हणजे एका प्रयत्नामागे तीन यार्डांहूनही कमी. आपण ४२ प्रयत्नांत १७२ यार्ड काढले. ज्या मैदानावर दोन्ही बाजूंचे मिळून पासचे आकडे इतके सामान्य होते, तिथे सामना दोन फळ्यांच्या मधल्या त्या दोन-तीन हातांच्या पट्ट्यात ठरणार होता आणि तिथे आपण त्यांना दिवसभर मागे रेटले. याला योगायोग म्हणता येणार नाही, कारण योगायोग एखाद्या चेंडूच्या उसळीत असतो. साठ मिनिटे तीच ती ढकलाढकल जिंकण्यात नसतो.

मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे आपले दोन डिफेन्सिव्ह टॅकल (बचावफळीच्या मध्यावरचे खेळाडू) या संघाचा कणा आहेत, हे आपण पहिल्या आठवड्यापासून म्हणत आलो आहोत. त्यांच्या कामाचे मोल आकडेवारीत फारसे उतरत नाही, कारण त्यांचे काम किती जणांना पाडले हे मोजण्याइतके सोपे नसते. दोघांनी मधली जागा अडवली की प्रतिस्पर्ध्याला एकेका टॅकलवर दोन-दोन माणसे लावावी लागतात, त्यामुळे मागच्या फळीतले बचावपटू, म्हणजे लाइनबॅकर, मोकळे राहतात, आणि धावणाऱ्याला बाहेरच्या बाजूला वळावे लागते, तोवर तिथे मदत पोहोचलेली असते. या दोघांच्या जोरावर बचावाचे समन्वयक विंक मार्टिनडेल यांना धाव अडवण्यासाठी जादा माणूस पुढे आणण्याची गरज फारशी पडली नाही, आणि तो वाचलेला माणूस मागे जेरेमाया स्मिथसारख्या पास झेलणाऱ्या खेळाडूवर नजर ठेवायला उपलब्ध राहिला. आपला सर्वोत्तम कॉर्नरबॅक (पास झेलणाऱ्यांवर पहारा ठेवणारा) विल जॉन्सन दुखापतीमुळे बाहेर असताना हे घडले, हे विसरू नये. त्याच्या गैरहजेरीत ज्या हॉलने तो निर्णायक पास हिसकावला, तो यंदाच ऑल्बनीसारख्या लहान विद्यापीठाच्या संघातून आपल्याकडे आला आहे. हॉवर्डचा दुसरा पास मकारी पेजने पकडला, तोही चेंडू आपल्या गोलरेषेजवळ येऊन ठेपला असताना.

आता आक्रमणाबद्दल. इथे मी आपल्याशी निम्मा सहमत आहे. पासचा खेळ हंगामभर देशातल्या तळाच्या संघांत मोडणारा आहे. वॉरन, अ‍ॅलेक्स ऑर्जी आणि जॅक टटल असे तिघे क्वार्टरबॅक वापरून झाले, तरी उत्तर सापडले नाही, आणि पास झेलणारा कोलस्टन लव्हलँडही या सामन्यात खेळू शकला नाही. मात्र आपण काय करू शकत नाही हे या संघाला शनिवारी नेमके ठाऊक होते, आणि माझ्या मते सगळे मूल्यमापन याच मुद्द्यावर फिरते. मलिंग्जला ३२ वेळा चेंडू दिला गेला. त्याने ११६ यार्ड काढले, म्हणजे सरासरी साडेतीनच्या थोडी वर. ही सरासरी पाहून कोणी टाळ्या वाजवणार नाही, पण पूर्वी लाइनबॅकर म्हणून खेळलेला हा दणकट गडी चौथ्या सत्रातही तितकाच जड पडत होता आणि समोरचे थकत होते. शेवटच्या मोहिमेत तिसऱ्या डाउनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात, सहा यार्ड हवे असताना बहुतेक संघांनी पास टाकला असता. आपण पुन्हा त्यालाच चेंडू दिला आणि तो २७ यार्ड पळाला. झ्वाडाची २१ यार्डांची किक त्यानंतरची, घड्याळात ४५ सेकंद उरलेले असताना.

सप्टेंबरमध्ये याच पद्धतीने यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) २७-२४ असे हरवले होते, तेव्हा पासचे यार्ड होते अवघे ३२. त्या दिवशी मलाही ते नशीब वाटले होते. तीच रीत दोन महिन्यांनी, कितीतरी बलाढ्य संघासमोर, त्यांच्याच मैदानावर पुन्हा चालली, तेव्हा तिला नशीब म्हणणे मला अवघड जाते. पण एवढ्यावरून ही रीत वर्षभर पुरेल असे मात्र कोणी समजू नये. इलिनॉयसमोर हीच रीत घेऊन आपण सात गुणांवर थांबलो होतो.

किकच्या मुद्द्यावर एकच सांगतो. फील्डिंगच्या दोन किक चुकल्या, हे आपले कर्तृत्व नव्हे, हे मान्य. पण पूर्वार्धात झ्वाडाने मारलेली ५४ यार्डांची किक हे निश्चितच आपले कर्तृत्व आहे. अर्कान्सास स्टेटहून आलेला हा मुलगा ५० यार्डांच्या पलीकडून यंदा चुकलेलाच नाही. चांगला किकर शोधून आणणे हेही संघबांधणीचेच काम असते.

स्कार्लेट_सदाशिव (३ डिसेंबर २०२४)

कोलंबसहून लिहितो आहे, त्यामुळे माझ्या शब्दांत कडवटपणा आला तर आगाऊ क्षमा मागतो. गेले दोन दिवस कार्यालयात कोणी कोणाशी धड बोललेले नाही.

वरील प्रतिसादातला बचावाचा भाग मला पटतो, परंतु त्यात एक बाजू गळली आहे. आमच्या आक्रमणाच्या फळीत डावा टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्ये ऑरेगनविरुद्ध जायबंदी झाला आणि सेंटर सेथ मॅकलॉक्लिन इंडियानाच्या सामन्याआधी सरावात. म्हणजे मधली फळी आधीच ठिगळ लावलेली होती आणि समोर देशातली सर्वांत भक्कम डिफेन्सिव्ह टॅकलची जोडी उभी होती. असे असताना कोणत्याही शहाण्या माणसाने चेंडू बाहेरच्या बाजूला, हवेतून, पास झेलणाऱ्या स्मिथ, एमेका एग्बुका आणि कार्नेल टेट यांच्याकडे नेला असता. ज्या संघावर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाल्याचे आमच्या क्रीडासंचालकांनीच सांगितले आहे, त्या संघाने आपली सगळी श्रीमंती घरी ठेवून तुमच्या दारात मुद्दाम कुस्ती खेळायला यावे, हे मला अजूनही समजलेले नाही.

माझ्या मते याचे कारण तांत्रिक नसून मानसिक आहे. २०२१ मध्ये अ‍ॅन आर्बरला ४२-२७ असे हरल्यापासून आमच्यावर 'मऊ संघ' असा शिक्का बसला. आमचे प्रशिक्षक रायन डे यांना तो पुसून काढायचा होता, आणि तो पुसायचा तर मिशिगनला त्यांच्याच पद्धतीने, मधोमध घुसून हरवले पाहिजे, असा जणू हट्ट होता. तुम्ही आम्हाला तुमच्या डावात खेचले असे म्हणणे पूर्ण खरे नाही. आम्ही आपल्या पायांनी चालत आलो. पूर्वार्ध संपताना हॉवर्डने स्मिथला दिलेला दहा यार्डांचा टचडाउन पास पाहा आणि मग उत्तरार्धात आम्ही एकही गुण मिळवला नाही हे पाहा. जे चालत होते ते सोडून जे चालत नव्हते त्याच्याच मागे आम्ही लागलो.

म्हणून हुरॉनकाठ यांच्या प्रश्नाला माझे उत्तर: आम्ही हातचा सामना घालवला, आणि तरीही तुमचा विजय खरा आहे. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. इंडियानाने तुम्हाला २०-१५ असे हरवले होते आणि त्याच इंडियानाला आम्ही त्यानंतर दोन आठवड्यांनी ३८-१५ असे हरवले. कागदावरचा हिशेब एवढाच असता, तर सामना खेळवायची गरजच नव्हती.

सामन्यानंतर मध्यावर झेंडा रोवण्यावरून जी हाणामारी झाली आणि पोलिसांना मिरीचा फवारा वापरावा लागला, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. त्यात दोन्ही बाजूंची शोभा झाली आणि बिग टेनने, म्हणजे हे दोन्ही संघ ज्या गटात खेळतात त्याने, दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलरचा दंडही केला.

गोदातीरी (३ डिसेंबर २०२४)

मी नाशिकला असतो आणि या खेळाशी माझा संबंध एवढाच की माझा भाचा यंदाच्या ऑगस्टमध्ये अ‍ॅन आर्बरला पदव्युत्तर शिक्षणासाठी गेला. रविवारी पहाटे दोनच्या सुमारास त्याने सामना संपल्याबरोबर मला फोन करून उठवले. तीन गुणांचा फरक आहे, संघाने पाच सामने आधीच गमावले आहेत, कोणताही चषक मिळालेला नाही, मग लोक एवढे वेडे का झाले आहेत, हे कोणी नवख्याला समजेल असे सांगेल का? आपली चर्चा वाचली, पण निम्मी डोक्यावरून गेली.

तिसरा_डाउन (४ डिसेंबर २०२४)

गोदातीरी, भाच्याचा राग मानू नका. या दोन विद्यापीठांचे सख्य विळ्या-भोपळ्याचे आहे. पहिला सामना १८९७ साली झाला आणि १९१८ पासून २०२० चा कोविडचा अपवाद वगळता तो दरवर्षी होत आला आहे. हंगामातला तो शेवटचा नियमित सामना असतो, त्यामुळे बाकीचे वर्ष कसेही गेले तरी हा एक दिवस उरतो. ओहायो स्टेटचे लोक मिशिगनचे नावही घेत नाहीत, 'तो उत्तरेकडचा संघ' असे म्हणतात, आणि या आठवड्यात त्यांच्या विद्यापीठाच्या आवारातल्या फलकांवरील 'एम' हे अक्षर लाल पट्टीने खोडलेले दिसते. भाच्याला सांगा, त्याने अद्याप दुसरी बाजू पाहिलेली नाही. २०१२ ते २०१९ या काळात आम्ही सलग आठ वेळा हरलो होतो. त्यामुळे २०२१ पासूनचे हे चार विजय आमच्या पिढीला जरा जास्तच चढले आहेत.

आता या विजयाची जागा कुठे, ते पाहू. दुर्बळ संघाने बलाढ्याला अडवल्याचे उदाहरण म्हणून जुने लोक १९६९ चे नाव घेतात, तेव्हा बो शेम्बेकलर यांच्या मिशिगनने वुडी हेज यांच्या अव्वल क्रमांकाच्या संघाला २४-१२ असे हरवले होते. पण मला शनिवारी आठवला तो १९५० चा कोलंबसमधला हिमवादळातला सामना. त्यात मिशिगनला एकही फर्स्ट डाउन मिळाला नाही, म्हणजे चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जाणे त्यांना दिवसभरात एकदाही जमले नाही. एकूण यार्ड २७, टाकलेले नऊच्या नऊ पास वाया. चक ऑर्टमनने २४ वेळा चेंडू लांब लाथाडून दिला आणि प्रतिस्पर्ध्यांचे असेच लाथाडलेले चेंडू अडवून मिशिगनने ९-३ असा सामना जिंकला. ज्यांना आपले ६२ यार्ड लाजिरवाणे वाटतात त्यांनी हे आकडे पाहावेत. अर्थात तिथे बर्फ होता. शनिवारी थंडी होती, पण मैदान दिसत होते.

हुरॉनकाठ (५ डिसेंबर २०२४)

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवसांत माझे मत थोडे सरकले आहे, पूर्ण बदललेले नाही.

स्कार्लेट_सदाशिव यांनी ज्याला हट्ट म्हटले, तो मी सामना पुन्हा पाहताना मोजायचा प्रयत्न केला. पहिल्या डाउनला मधोमध धाव, दोन यार्ड. दुसऱ्याला पुन्हा तेच. आणि तिसऱ्याला अडचणीतला पास. हे इतक्या वेळा घडले की शेवटी मी मोजणे सोडून दिले. तरीही एक गोष्ट त्यांच्या बाजूने मांडली पाहिजे. ग्रॅहम आणि ग्रँट समोर असताना हा हट्ट फसला. वर्षभर बाकीच्यांसमोर तो बऱ्यापैकी चालला होता. म्हणजे चूक त्यांची, पण ती चूक महाग पडावी अशी तजवीज आपली. इथवर मी तिसरा_डाउन यांच्या बाजूला आलो आहे.

मात्र आक्रमणाबाबत माझी भीती कायम आहे, आणि विद्यापीठालाही ती वाटत असावी. या विजयानंतर तीन दिवसांतच आक्रमणाचे समन्वयक कर्क कॅम्बेल यांना पदावरून दूर केले गेले. एवढा मोठा सामना जिंकल्यावर पेढे वाटण्याऐवजी हा निर्णय घेतला गेला, हे मूर यांच्याबद्दल मला सर्वांत चांगले वाटलेले लक्षण आहे. बेलव्हिलचा शालेय क्वार्टरबॅक ब्राइस अंडरवूड एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) दिलेला शब्द मागे घेऊन २१ नोव्हेंबरला आपल्याकडे वळला, ते पुढच्या वर्षासाठी. पण अठरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर किती ओझे टाकायचे, याचाही विचार व्हायला हवा. शिवाय ग्रॅहम, ग्रँट, जॉन्सन आणि लव्हलँड हे चौघेही आता व्यावसायिक फुटबॉलकडे जाणार, हे जवळजवळ ठरलेले आहे. ज्या फळीच्या जोरावर शनिवार जिंकला ती पुढच्या नोव्हेंबरमध्ये नसेल.

वॉरनबद्दल माझ्या पहिल्या नोंदीत मी जरा कोरडेपणाने लिहिले. शाळेत असताना रक्ताच्या कर्करोगातून उठलेला आणि शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला हा मुलगा कोलंबसमधल्या एक लाखाहून अधिक लोकांसमोर दोन चेंडू गमावूनही शेवटच्या मोहिमेत गडबडला नाही. त्या मोहिमेत त्याचे काम फार नव्हते, पण जेवढे होते तेवढे त्याने नीट केले.

स्कार्लेट_सदाशिव (२२ जानेवारी २०२५)

जुना धागा वर काढतो आहे, कारण ठरवलेच होते. परवा, २० जानेवारीला, आम्ही अटलांटामध्ये नोत्र दामला ३४-२३ असे हरवून राष्ट्रीय विजेते झालो. यंदा प्रथमच बारा संघांची प्लेऑफ (विजेतेपदासाठीची बाद फेरी) झाली, म्हणून आम्हाला ही संधी मिळाली. जुन्या चार संघांच्या पद्धतीत नोव्हेंबरच्या त्या पराभवानंतर आम्ही बहुधा घरीच बसलो असतो. आठवे मानांकन घेऊन आम्ही टेनेसीला ४२-१७, ऑरेगनला ४१-२१ आणि टेक्ससला २८-१४ असे हरवले. पहिल्या सामन्यापासूनच चेंडू स्मिथ आणि एग्बुका यांच्याकडे हवेतून जाऊ लागला. जे मी डिसेंबरमध्ये इथे तळमळून लिहिले होते, तेच आमच्या आक्रमणाचे समन्वयक चिप केली यांनी तीन आठवड्यांच्या विश्रांतीत करून दाखवले.

आता हुरॉनकाठ यांच्या मूळ प्रश्नाकडे. तुम्ही हरवलेला संघ राष्ट्रीय विजेता ठरला, त्यामुळे तुमच्या त्या विजयाचे वजन वाढले की, आम्ही त्या दिवशी आमच्या नेहमीच्या रूपात नव्हतो हे सिद्ध झाल्याने ते कमी झाले?

हुरॉनकाठ (२३ जानेवारी २०२५)

प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. हे लिहिताना बोटे किंचित अडखळली, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

माझ्या मते वजन वाढले. टेनेसी, ऑरेगन, टेक्सस आणि नोत्र दाम या चौघांकडेही तुम्हाला मधोमध अडवण्याची इच्छा होती, पण तशी फळी नव्हती, किंवा पासकडे लक्ष देताना ती विरळ झाली. दरम्यान ३१ डिसेंबरला टॅम्पामध्ये आपल्या संघाने ग्रॅहम, ग्रँट, जॉन्सन, लव्हलँड आणि मलिंग्ज यांच्यावाचून अ‍ॅलाबामाला १९-१३ असे हरवले. पहिल्या सत्रात त्यांच्याकडून तीनदा चेंडू हिसकावून १६ गुण घेतले आणि मग उरलेला वेळ ते राखले. पुन्हा तेच: आक्रमण तुटपुंजे, बचाव कडवा, किकर भरवशाचा. कोलंबसचा दिवस अपघात असता, तर महिन्याभराने निम्म्या माणसांनिशी त्याची इतकी हुबेहूब आवृत्ती निघाली नसती. म्हणजे ती रीत त्या गैरहजर खेळाडूंपुरती नव्हती, हे मला डिसेंबरात दिसले नव्हते.

त्याच सामन्यात वॉरनच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. त्यामुळे वसंतातल्या सरावात क्वार्टरबॅकच्या जागेची चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, आणि तिच्यासाठी मी वेगळा धागा काढेन. या वर्षीचा सामना २९ नोव्हेंबरला अ‍ॅन आर्बरला आहे. आपण येणार असाल, तर पार्किंगची सोय आमच्या अंगणात होईल; फक्त गाडीवर लाल झेंडा लावू नये, शेजारी ऐकणार नाहीत.